बाबांनी ठेवलेलं नाव

दि. ९ जून

ती. ताईस नमस्कार.
इकडे आम्ही सगळे मजेत. तुझे गुडघे काय म्हणतात?

अगं, सुनेला मुलगी झाली! नाक आपल्या बाबांचं, आवाज मात्र थेट तुझा. पहिल्याच टाहोला अख्खं प्रसूतिगृह जागं केलं पोरीनं. मी नाचायचीच काय ती बाकी होते. लेक म्हणाला, "आई, जरा टेक, नाहीतर तुलाच खाट द्यावी लागेल."

हां, तर नावाचं. सुनेनं माझंच ठेवायचं ठरवलंय. कुमुद. मला रडूच फुटलं. म्हटलं, "नको गं बाई, लेकराला असलं वाईट नाव नको."

ती बघतच राहिली. "वाईट? आई, कुमुद म्हणजे चांदण्यात उमलणारं पांढरं कमळ. कु म्हणजे पृथ्वी, मुद म्हणजे आनंद. पृथ्वीला आनंद देणारं." वर जाडजूड शब्दकोश उघडून दाखवला. मी बोट ठेवून ठेवून वाचलं.

ताई, तू मला सांगितलं होतंस, कुरूपातला कु तोच हा कु. "बाबांना मुलगा हवा होता, तू झालीस, आनंदावर पाणी पडलं, म्हणून कुमुद." हजेरीत नाव आलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिसरीतच शाळा सुटली माझी. आपले बाबा म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस, त्याला का शब्दांची वाण होती? मी पौर्णिमेची, म्हणूनच शोधून ठेवलं असेल गं त्यांनी.

तेव्हा तूही पोरच होतीस, ते सोडलं. पण पुढे बाईसाहेब मास्तरीण झाल्या, जन्मभर भाषा शिकवली. तुला कळलंच नाही, असं कसं म्हणू? शेवटच्या आजारात बाबा "कुमुद, कुमुद" करत होते. मी दारात पाठ फिरवून उभी. ओ दिली नाही. तू त्यांच्या उशाशी होतीस, तुझी नजर माझ्या पाठीला जाणवत होती. एक शब्द बोलली असतीस तर मी आत आले असते.

बाळाला बघायला ये. काही आण, आणू नको, तुझी मर्जी. कुणी नावाचा अर्थ विचारलाच, तर तू गप्प बस. मी सांगेन.

शेवटी "लोभ असावा" असं लिहितात. माझा होता.

तुझी बहीण