नैसर्गिक कारणाने वाळलेले चौसष्ट अक्रोड

प्रति,
मा. प्रमुख,
हरितक्षेत्र विभाग,
नगर कार्यालय, जांगाकसाय.

मार्फत : कोणाच्याही नाही. (मार्फत पाठवलेल्या आधीच्या तीन अर्जांपैकी एक वाटेतच मुक्कामाला राहिल्यामुळे हा थेट सादर.)

विषय : अक्रोडबाग वाळल्याच्या दाखल्यात 'कारण' या रकान्यातील 'नैसर्गिक' हा शब्द खोडून तेथे अर्जदाराचे नाव लिहिण्याबाबत.

संदर्भ : १) पाट बंद ठेवण्याचा आदेश, मे २०२१. २) आपल्या समितीचा दाखला, फेब्रुवारी २०२३. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. ४) अर्जदाराने न मागितलेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

१. अर्जदार ही या शहराच्या तीन नंबरच्या चारीवर एकतीस वर्षे पाटकरी म्हणून नेमणुकीस आहे. अर्जदाराचे वडील त्याच चारीवर पाटकरी होते. शहरातले लहानथोर अर्जदाराला 'एजे' म्हणजे थोरली बहीण म्हणूनच हाक मारतात, आणि पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले की याच थोरल्या बहिणीला वाटेल ते बोलतात. त्याबद्दल तक्रार नाही. चारीच्या मुखाशी लोखंडी दार आहे. ते चाकाने उघडते. चाक फिरवायचा दांडा एकच असून तो अर्जदाराच्या घरी चुलीमागच्या खिळ्याला टांगलेला असतो. दार पूर्ण उघडायला सतरा फेरे लागतात, बंद करायलाही सतराच. हा तपशील पुढे उपयोगी पडेल म्हणून नोंदवला आहे.

२. सदर चारीवर शाळेमागची अक्रोडबाग आहे. झाडे चौसष्ट. दर नवव्या दिवशी बागेची पाळी असे. आमच्याकडे उन्हाळ्यात आभाळातून काही पडत नाही हे आपणांस माहीत असावे, कारण आपणही येथेच राहता. झाड जगते ते पाटाच्या पाण्यावर, आणि पाटाचे पाणी जाते ते दार उघडले तर.

३. मे २०२१ मध्ये 'पाट दुरुस्तीसाठी दार पुढील आदेशापर्यंत बंद ठेवावे' असा आदेश आला. तो घेऊन आलेले कनिष्ठ अभियंता उसेनबेक अर्जदाराच्या ओट्यावर बसून तीन वाट्या चहा प्याले आणि म्हणाले, "एजे, पंधरा दिवसांचं काम आहे. सिमेंट निघालंय." सिमेंट खरोखरच निघाले होते. ते पोचले मात्र बागेच्या खालच्या अंगाला, बांधकाम कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि आजही तेथेच आहे. पाटाला त्यातले घमेलेभरही लागले नाही. दार दोन उन्हाळे बंद राहिले आणि हा तिसरा.

३-अ. हे आधी लिहायला हवे होते, पण लिहिताना हात अडला. दार अर्जदाराने स्वतः बंद केले. सतरा फेरे, स्वतःच्या हाताने. पहिल्या जुलैत तंदूरवाले ममातकुल बाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "पोरी, झाडांची पानं द्रोणासारखी वळलीत. एक पाळी सोड. कोण बघतंय?" अर्जदार त्यांना म्हणाली, "बाबा, आदेश आहे." बाबा म्हणाले, "आदेश झाडांना वाचून दाखवलास का?" आणि निघून गेले. पुढच्या वसंतात ते वारले. त्यांना पुन्हा काही उत्तर देण्याची सोय राहिलेली नाही. अर्जदाराला याची लाज वाटते. आपल्या कार्यालयात लाज वाटण्यासाठी वेगळा नमुना असल्यास तो पाठवावा, अर्जदार भरून देईल.

४. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपली त्रिसदस्य समिती बागेची पाहणी करण्यास आली. थंडी असल्यामुळे समिती गाडीतून उतरली नाही. तिने काच थोडी खाली करून चौसष्ट झाडे पाहिली व 'एकाही झाडावर पाने आढळली नाहीत, सबब सर्व झाडे मृत' असा निष्कर्ष काढला. फेब्रुवारीत अक्रोडावर पाने नसतात हे आमच्या शाळेतल्या पहिलीच्या वर्गाला ठाऊक आहे. तिन्ही सदस्यांची पदवी त्याहून वरची असल्याने ते राहून गेले असावे. याच न्यायाने समितीने त्या दिवशी आपल्या अध्यक्षांचे डोके तपासले असते, तर तेथेही काही उगवलेले आढळले नसते. असो. दाखल्यात 'कारण' या रकान्यात 'नैसर्गिक' असे लिहिले आहे.

५. हा एक शब्द अर्जदाराला का खुपतो, तर नियमावलीच्या कलम नऊमुळे. बाग आपोआप वाळली तर जमीन घरबांधणीसाठी मोकळी होते. माणसाच्या हाताने वाळली तर जमीन पंचवीस वर्षे बागच राहते आणि तेथे पुन्हा झाडे लावावी लागतात. म्हणजे निसर्गाने केले असेल तर कंपनीला नऊ मजले, आणि अर्जदाराने केले असेल तर एक मजलाही नाही. केले अर्जदाराने आहे. साक्षीदार आहेत, आदेश आहे, दांडा आहे. एखादीने गुन्हा कबूल करावा तो तरी किती सोयीने करावा? पण आपले कार्यालय अर्जदाराला गुन्हेगार होऊ द्यायला तयार नाही.

पहिल्या अर्जाला उत्तर आले की 'आपणावर कोणताही ठपका ठेवण्यात आलेला नाही, तरी निश्चिंत असावे.' दुसऱ्याला उत्तर आले नाही म्हणून अर्जदार जातीने आली. आपल्या आवक-जावक विभागातील बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "एजे, लोक इथं आपलं नाव काढायला येतात, तुम्ही घालायला आलात?" अर्जदार म्हणाली, "घाला." त्या म्हणाल्या, "रकाना एवढासा आहे हो. तुमचं नाव मावणार नाही त्यात. 'नैसर्गिक' कसं सुटसुटीत बसतं!" तिसऱ्या अर्जानंतर आपण अर्जदाराकडे डॉक्टर पाठवलेत. डॉक्टरांनी नाडी पाहिली, आजचा वार विचारला आणि 'स्मरणशक्ती उत्तम' असे लिहून दिले. दाखला सोबत जोडला आहे. या प्रकरणातला खरा असा हा एकच दाखला.

त्यानंतरच्या आठवड्यात नगर सभागृहात अर्जदाराला 'कर्तव्यदक्ष पाटकरी' म्हणून चापान, म्हणजे मानाचा झगा, पांघरण्यात आला. प्रशस्तिपत्र कंपनीच्या संचालकांनी वाचले. त्यात 'गेल्या दोन वर्षांत पाण्याचा थेंबही वाया जाऊ दिला नाही' असे वाक्य होते. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अर्जदार माणसाच्या निर्लज्जपणाला नवखी नाही, पाण्याच्या खात्यात तिने जन्म काढला आहे. पण त्या दिवशी चापान अंगावर निखाऱ्यासारखा वाटला.

६. अर्जदार घरांच्या विरोधात आहे असा ग्रह होऊ नये. अर्जदाराच्या घरात दोन खोल्या आहेत, आणि अर्जदार, मुलगा नुरदीन, सून व दोन नाती त्यात राहतात. नुरदीनने बागेच्या जागी होणाऱ्या कंपनीच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर घर धरले आहे. तो म्हणतो, "आई, पोरींनी किती वर्षं तुझ्या पायथ्याशी झोपायचं? झाडं काय त्यांना खोली देणार आहेत?" त्याचे चूक आहे असे अर्जदार म्हणत नाही. पण स्टेशनामागे रेशीम कारखान्याची जमीन बारा वर्षे ओसाड पडली आहे. रस्ता आहे, पाणी आहे, झाड म्हणाल तर एक नाही. तेथे चार इमारती उभ्या राहतील. कंपनीला ती जागा दाखवली असता संचालक म्हणाले, "तिथं खिडकीतून काय दिसणार, बाई? गिऱ्हाईकाला हिरवळ लागते." म्हणजे हिरवळ खिडकीतून दिसावी म्हणून खिडकी हिरवळीच्या जागेवर बांधायची. कंपनीच्या फाटकावर 'साठ अक्रोड निवास' अशी पाटी लागली आहे. झाडे चौसष्ट. वरची चार आकडा गोल करताना पडली असावीत. उरलेली साठ परवा मंगळवारी कंपनीच्या करवतीने पडतील.

७. आता झाडांच्या वर्तनाविषयी. दाखला मिळाल्यावर दोनच महिन्यांत, म्हणजे एप्रिलमध्ये, चौसष्टपैकी एक्केचाळीस मृत झाडांना पालवी फुटली. मुळे खोल असावीत, किंवा झाडांना दाखल्याची प्रत मिळाली नसावी. तेवीस खरोखरच गेली. ती अर्जदाराच्या खाती. उरलेल्यांवर या महिन्यात फळही तयार झाले आहे. ओल्या अक्रोडाचे हिरवे साल सोलले की हात काळे होतात आणि साबणाने पंधरा दिवस निघत नाहीत. या अर्जाच्या कागदावरचे डाग शाईचे समजू नयेत. ते मृत झाडांनी पाडलेले आहेत.

असे सहा अक्रोड अर्जदाराने पुरावा म्हणून आपल्या निरीक्षकांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी एक फोडला, खाल्ला, "गोड आहे," म्हणाले, आणि दुसरा फोडता फोडता सांगितले, "एजे, कागदावर ती वाळलीत. आता पानं कशाला फुटली, ते त्या झाडांनाच विचारा." अर्जदाराने विचारले. झाडांचे म्हणणे असे की तहान लागली आहे.

८. सबब आज रविवार, दि. १७ रोजी सकाळी सहा वाजता अर्जदाराने दार उघडले आहे. पुढील आदेशाची वाट पाहून तिसरे वर्ष लागले, आणि अर्जदाराचे वय एकसष्ट आहे.

चाकाला गंज चढला होता. बारा फेरे अर्जदाराने फिरवले. शेवटचे पाच तिच्याने फिरेनात. ते कोणी फिरवले हे अर्जदार सांगणार नाही. तो हाक न मारता मागून आला, दांडा हातातून घेतला. सहाव्या मजल्यावर घर त्यालाच मिळायचे होते, एवढेच नमूद करते. आपल्या रकान्यात एकच नाव मावायची मारामार आहे, तेव्हा दुसऱ्याची गरज नाही.

पाणी आधी बागेतून जाते. बागेच्या खाली कंपनीने पायाचा खड्डा खणला आहे, तो चारी मधोमध तोडून. त्यामुळे बाग भिजल्यावर उरलेले सगळे पाणी खड्ड्यात उतरेल. अर्जदार आधी तेथे गेली व रखवालदाराला म्हणाली, "वर ये रे, पाणी येतंय." तो म्हणाला, "कोणाच्या परवानगीनं?" अर्जदार म्हणाली, "नैसर्गिक." तो चहाची किटली घेऊन वर आला व आता तिच्याशेजारी बसला आहे. खड्ड्यात दुसरे कोणी नाही, दोनदा पाहिले आहे. आवक पेटी उद्या सकाळी उघडून हा अर्ज आपल्या टेबलावर येईपर्यंत खड्डा काठोकाठ भरलेला असेल.

दांडा खड्ड्याच्या तळाशी आहे. तो हवा असल्यास पाणी उपसावे लागेल. पाणी उपसायचे तर आधी दार बंद करावे लागेल. दार बंद करायला दांडा लागेल. ही कार्यपद्धती अर्जदार आपल्याच कार्यालयात शिकली.

आता या पाण्याचा पंचनामा होईल आणि त्यातही 'कारण' असा रकाना असेल. तेथे 'नैसर्गिक' लिहिलेत तर पाण्याबद्दल कोणाला पकडता येणार नाही, आणि निसर्गाची हौस भागेपर्यंत कंपनीने काठावर बसून राहावे. अर्जदाराला पकडायचे असेल, आणि पकडावेच अशी तिची विनंती आहे, तर आपल्याला लिहावे लागेल की तीन नंबरच्या चारीवर पाणी येते आणि थांबते ते बुरमाकानच्या हाताने. ते एकदा आपल्या सहीशिक्क्यानिशी लिहिले गेले की फेब्रुवारीच्या दाखल्यातला शब्द कोणत्या तोंडाने ठेवाल, हे आपण ठरवावे. मंगळवारच्या आत ठरवावे.

पहिल्या झाडाशी पाणी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पोचले. माती इतकी तापलेली होती की पाणी लागताच आवाज झाला. अर्जदार तेथे उभी राहून रडली. या बाबीचा विषयाशी संबंध नाही, तरी नोंद असावी.

एकतीस वर्षे आपली नम्र असलेली,

(सही)
तीन नंबर चारीची पाटकरी,
जांगाकसाय.
दि. १७ सप्टेंबर २०२३

सोबत :
१. पाट बंद ठेवण्याच्या आदेशाची प्रत.
२. समितीच्या दाखल्याची प्रत.
३. स्मरणशक्तीचा दाखला.
४. प्रशस्तिपत्र, मूळ, व चापान, एकदाच पांघरलेला. दोन्ही परत.
५. मृत झाड क्र. १७ चे अक्रोड, नग सात. (आधीच्या सहांची पोच मिळाली नाही. हे खाण्यास हरकत नाही, टरफले फाइलला लावावीत.)
६. रकान्यात लिहावयाचे नाव, आपल्याच छापील नमुन्यातून रकाना कापून त्यात लिहून पाहिलेले. मावते : बुरमाकान जानुझाकोव्हा.