अंतूनं सांगितलेली आई

१२ जाने.
सकाळी सातला अंतूचा फोन. तिकडे संध्याकाळ. गव्हर्नर होऊन तीन वर्षं झाली, तरी धाकटा भाऊ सुरुवात करतो ती "काय गो ताई"नंच. शिकायला म्हणून अमेरिकेत गेला, तिथलाच झाला. आधी गावची कौन्सिल, मग विधिमंडळ, आता अख्खं राज्य.
आज आवाज बसलेला. फाशीच्या एका कैद्याचा अर्ज त्याच्यापुढे आहे. जन्मठेप करायची की नाही, सही एकट्याची. यंदा निवडणूक.
"त्यानं ज्याला मारलं त्याची बायको भेटून गेली, ताई. तिच्याकडे बघवेना."
दोघांनाही आमचा थोरला दादा आठवला असणार. नाव कुणीच काढलं नाही.

१५ जाने.
दादा बावीसचा होता, अंतू नऊचा. जाळ्यावरून भांडण, वाडीतल्याच महादेवनं डोक्यात वल्हं घातलं. किनाऱ्यावरच गेला. महादेव शिक्षा भोगून गावात, भाट्यातच परत आला, आमच्यापासून चार घरं सोडून. आई मासळीची टोपली घेऊन वाळूतून लांबचा फेरा घालायची, पण त्याच्या दारावरून गेली नाही. शेवटपर्यंत. तेव्हा अंतू अमेरिकेत.

२१ जाने.
अंतूनं सही केली. फाशी रद्द. जीव भांड्यात पडला.
दुपारी लेकीनं, नीतानं मोबाइलवर त्याचं भाषण दाखवलं. "माझ्या भावाला मारणाऱ्याला माझ्या आईनं माफ केलं. स्वतःच्या हातानं जेवू घातलं." लोक उठून टाळ्या वाजवत होते.
नीता म्हणाली, "आई, आजीनं खरंच असं..."
"नाही."


२२ जाने.
मीच फोन केला.
"अंतू, हे तुला कोणी सांगितलं?"
"माणूस वाचला ना, ताई?"
"वाचला. बरंच झालं. पण आई तशी नव्हती."
"ती तशी असती तर मला घरी यावंसं वाटलं असतं."
आईच्या दिवसांनासुद्धा आला नव्हता. इतकी वर्षं मी, कामामुळेच येत नाही, असं धरून बसले होते.

३० जाने.
मासळीबाजारात महादेवची लेक सुशीला भेटली. महादेव जाऊनही आता वर्षं झाली.
"ताई, अंतूनं सांगितलं ता खरं काय? बाबा तर सांगायचे, काकी माझ्याकडे बघत पण नाय."
मी पापलेट चाचपत राहिले.
"नसंल खरं," तीच म्हणाली. "पण आयकून बरा वाटला."

३ फेब्रु.
मुंबईच्या एका वर्तमानपत्राची मुलगी आली. अंतूच्या विरोधकांनी तिकडे शंका काढलीय. आल्या आल्या सरळ विचारलं, आईंनी माफ केलं होतं का? उभा जन्म शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि तिला म्हटलं, सोमवारी या.
खरं सांगितलं तर अंतू पडेल. नाही सांगितलं तर आईचा तो लांबचा फेरा पुसला जाईल.

५ फेब्रु. रविवार.
उद्या ती मुलगी येणार, त्याआधी बोलावं म्हणून अंतूला फोन लावला. उचलला त्याच्या ऑफिसातल्या कुणा बाईनं. कोण, विचारलं. मोठी बहीण, म्हटलं.
कशासंबंधी?
आईसंबंधी.
मीटिंग संपली की करतील म्हणाली.