फक्त जिज्ञासा म्हणून

सोमवार, ५ जून
आजपासून टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचा अभ्यास सुरू. शेजारचं पुस्तकांचं दुकान बंद होतंय, तिथल्या टोपलीत पत्त्यांचा जोड आणि सोबत माहितीचं पुस्तक मिळालं. काल प्रवचनात फादर म्हणाले, लोक मोबाइलवरून चेटूक नि टॅरोच्या नादी लागतायत. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण त्यातलं कोणाला काही कळतं का? कोणाला तरी कळायला हवं.
शिवाय २ जुलैला धाकट्या बहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा. धर्मपिता, म्हणजे गॉडफादर, मी. तिच्या मोठ्या मुलाच्या वेळी हा मान मेहुण्याच्या थोरल्या भावाने पटकावला आणि माझ्या हातात व्हिडिओ कॅमेरा आला. ते मी विसरलेलो नाही. आता पोरीला वाईटापासून सांभाळायचं तर वाईट म्हणजे काय, ते मला ठाऊक हवं.
नियम: फक्त पुस्तक वाचायचं. पत्त्यांना हात लावायचा नाही.

मंगळवार, ६ जून
पत्त्यांना हात लावला. चित्रं बघितल्याशिवाय पुस्तक समजत नाही. एका पत्त्यावर चक्क पोप आहेत. मुकुट, दंड, पुढ्यात दोन भक्त. मनावरचं ओझं उतरलं. सैतानाचाही एक पत्ता आहे, पण सैतान काय, बायबलमध्येही आहे.
बायकोला सांगितलं नाही. तिला अभ्यासाची आवड नाही.

गुरुवार, ८ जून
फादर डोळे तपासायला माझ्या चष्म्याच्या दुकानात आले. हनुवटी मशीनवर, कपाळ पट्टीला टेकलेलं, खोलीत अंधार. मनातलं विचारायला याहून चांगली जागा नाही, समोरचा हलू शकत नाही. 'हे बरं की आधीचं?' करता करता विचारून टाकलं, की माझ्या एका मित्राची शंका आहे, कॅथलिक माणसाने जिज्ञासा म्हणून टॅरोचा अभ्यास केला तर चालतो का?
फादर म्हणाले, एखादी गोष्ट काय आहे हे वाचून समजून घेणं पाप नाही. पुढेही बरंच बोलले. पत्त्यांना भविष्य विचारणं गमतीनेही नको. उद्याचा भरवसा देवावर ठेवायचा, पत्त्यांवर नाही. जिज्ञासा आधी दारात उभी राहते, मग हळूच खुर्ची ओढून बसते. मित्राने जोड टाकून द्यावा. मी तेव्हा लेन्स बदलत होतो, सगळं नीट ऐकलं नाही. मुद्दा कळला. परवानगी आहे.

सोमवार, १२ जून
पत्ते पिसले. नवे पत्ते चिकटून बसतात, मोकळे करावे लागतात. एक उचलला. प्रश्न विचारला नाही. उचलताना मनात प्रश्न होता, इतकंच. (बाप्तिस्म्याला निळा सूट की करडा?) तलवारींचा पत्ता आला. अर्थ लागला नाही. तलवार करड्या रंगाची असते, म्हणून करडा.

शुक्रवार, १६ जून
मावशीच्या नव्या काचा आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती जुन्याच चष्म्यावर दिवस काढतेय, बाप्तिस्म्याच्या आत नवा हवा म्हणून रोज फोन करते. काचा फ्रेममध्ये बसवणार, तेवढ्यात सहज एक पत्ता पाहिला. उलटा टांगलेला माणूस. पुस्तकात लिहिलंय: थांबा, घाई नको. घाईने काच तडकली तर? मावशीला सांगितलं, कंपनीकडून काचा आल्या नाहीत. खोटं नाही म्हणता येणार, फ्रेमपर्यंत अजून आलेल्याच नाहीत.

बुधवार, २१ जून
आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, गोल फ्रेम घेऊ की चौकोनी? मी आतल्या खोलीत जाऊन आलो आणि म्हणालो, पौर्णिमेपर्यंत थांबा. ते थांबले नाहीत, समोरच्या दुकानात गेले.
संध्याकाळी बायकोला माझ्या शर्टाच्या खिशात एक पत्ता सापडला. काय म्हणून विचारलं. बुकमार्क, मी म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही लग्नापासून एक पुस्तक पुरं केलेलं मी पाहिलं नाही. मग म्हणाली, असलं काही घरात दिसलं तर आधी फादरना सांगेन, मग तुमच्या बहिणीला. फादरचं एक वेळ ठीक. बहिणीला कळलं तर धर्मपिता पुन्हा मेहुण्याचे थोरलेच.
निश्चय: उद्यापासून अभ्यास बंद.

गुरुवार, २२ जून
जोड टाकायला निघालो. टाकावा की नाही, पत्ता काढून पाहिला. सूर्य आला. शुभ आहे. टाकला नाही.
पण लपवायला हवा. बाप्तिस्म्याला वाटायची संतांची छोटी चित्रं बहिणीने आमच्याकडे ठेवलीत, तिच्या घरी मोठा मुलगा त्यांना मिश्या काढतो. त्या खोक्यात तळाशी, रबरबँड लावून, जोड ठेवला. तिथे कोण बघणार? शिवाय संतांच्या सहवासात पत्त्यांवरही चांगला परिणाम होईल.

शनिवार, १ जुलै
बहिणीने पाठवलेला माणूस चित्रांचं खोकं घेऊन गेला म्हणे. मी दुकानात होतो. बायकोने दिलं.
हरकत नाही. वरची चित्रं पुष्कळ आहेत, तळापर्यंत कोणी जाणार नाही. उद्या सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि जोड काढून घ्यायचा. सोपं काम आहे.

रविवार, २ जुलै
करड्या सुटाची पँट कमरेला बसेना. निळा इस्त्री करण्यात उशीर झाला.
पोचलो तर दारात मावशी, हातात खोकं, येईल त्याला चित्र देतेय. जुना चष्मा. मी जवळ जाणार, तेवढ्यात फादरनी पुढे बोलावलं.
फादरनी बाप्तिस्म्याच्या विधीतला प्रश्न विचारला, सैतानाचा धिक्कार करता का? मी मान वर केली. दुसऱ्या बाकावर थोरले. त्यांच्या हातात सैतान. शिंगांसकट. त्यांनी एकदा पत्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी म्हणालो, धिक्कार करतो. कोणी विचारलं नसताना पुन्हा म्हणालो. त्यांच्या मागे पाहिलं तर चर्चभर लोक माझा अभ्यास न्याहाळतायत.
नंतर मावशी सगळ्यांना कौतुकाने सांगत होती, रबरबँड लावलेली चित्रं मोठी नि रंगीत होती, म्हणून तीच आधी वाटली; भाच्याने खास छापून घेतली असणार. चष्मा वेळेवर असता तर हे झालं नसतं. मावशीनेही जरा जोर लावून मागायला हवा होता.
फादरनी आत बोलावलं. म्हणाले, शनिवारी मित्राला कन्फेशनला पाठव. मी म्हणालो, तो फार लाजाळू आहे. फादर म्हणाले, ठाऊक आहे, त्याच्याच मशीनवर हनुवटी टेकवली होती मी. मग म्हणाले, पत्ते घरोघर जाऊन मित्रानेच गोळा करायचे, बदल्यात संतांची चित्रं द्यायची आणि सगळा जोड माझ्याकडे आणून द्यायचा.
बहिणीने पोरीला उचललं आणि गाडीत बसली. ती एरवी भांडते. आज भांडली नाही. मला फार वाईट वाटलं.

शनिवार, ८ जुलै
मित्र कन्फेशनला जाऊन आला. सकाळपासून पत्ते गोळा करतोय. लोक सोडत नाहीत. शिवणकाम करणाऱ्या बाईंना सूर्य आवडलाय. बेकरीवाल्यांनी कंदील घेतलेला म्हातारा प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय, त्या संतामुळे गुडघा बरा झाला म्हणाले. संत नाही हे सांगितलं, तर गुडघा लगेच दुखायला लागला. थोरल्यांनी सैतान हसत हसत परत दिला, पाकिटात घालून, वर माझं नाव लिहून.
बहिणीकडे गेलो नाही. तिनेही बोलावलं नाही.

गुरुवार, १३ जुलै
मावशीच्या काचा फ्रेममध्ये बसवल्या. कोणालाही न विचारता. तडकल्या नाहीत.
जोड फादरना दिला. एक पत्ता कमी आहे, मूर्खाचा. खांद्यावर गाठोडं, नजर आभाळात, पुढचं पाऊल कड्याच्या पलीकडे, पायाशी कुत्रं. फार शोधला. असला पत्ता कोण ठेवून घेईल?

रविवार, १६ जुलै
सकाळी बहिणीचा फोन. म्हणाली, दादा, जेवायला ये, मावशीलाही आण, पोरगी धर्मपित्याशिवाय मोठी व्हायची नाही. आवाज ऐकला आणि डोळे भरून आले. मी धर्मपिता आहे.
जेवणानंतर तिने बाप्तिस्म्याचा अल्बम काढला. आई, वडील, धर्ममाता, सगळ्यांचे फोटो. 'धर्मपिता' लिहिलंय त्या जागी मूर्खाचा पत्ता चिकटवलेला. बहीण म्हणाली, तुझे सगळे फोटो डोळे मिटलेले आले, काय करणार? थोरले इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पत्ता काढ म्हणालो. ती म्हणाली, फादरना विचारलंय. आता हा टॅरो राहिला नाही, असं त्यांचं मत पडलं.
मी शांतपणे मावशीला नवा चष्मा घातला. विचारलं, आता नीट दिसतंय का? म्हणाली, अगदी लख्ख. अल्बम पुढ्यात ओढला, धर्मपित्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, बाळा, तुझा फोटो किती छान आलाय.
घरी नेण्याऐवजी तिला दुकानात नेलं आणि नंबर पुन्हा तपासला. बरोबर आहे.