सायकलवरून न उतरता

५ ऑक्टोबर, रविवार

हवा पालटली! पहाटे दार उघडलं तर चक्क गार वारा. या वाळवंटी चँडलरमध्ये किती महिन्यांनी! सईला गदागदा हलवलं, "ऊठ, उन्हाळा संपला." ती डोळे मिटूनच, "फायनली!" सईचा बाबा नितीन झोपलेलाच. आम्ही मायलेकींनी सायकली गाडीमागे अडकवल्या आणि ऊन चढायच्या आत डोंगरापाशी हजर.

तांबूस माती, दोन्हीकडे उंच सग्वारो निवडुंग, मधून हातभर रुंदीची वाट. सई पुढे, मी मागे. एका उतारावर ब्रेक सोडूनच दिले. तोंडातून किंकाळी. वय सेहेचाळीस. कोणी ऐकलं असेल तर ऐकू दे.

'जिना' मात्र नेहमीसारखा पायीच. (आमचंच नाव. एकाखाली एक दगडी पायऱ्या, तळाशी एकदम डावीकडे वळण.) सई दणादण उतरते आणि खालून ओरडते, "क्लिअर, मॉम!" मग मी, सायकल हाताने ढकलत.

११ ऑक्टो., शनि.

चोया निवडुंगाच्या काट्यांचा अख्खा गोळा पोटरीला चिकटला. सईनं कंगव्यानं उडवला. पिशवीत कंगवा असतो तो केसांसाठी नाही!

जिन्याच्या तोंडाशी माझी शिकवणी. "सीट खाली. बॉडीवेट मागे. दगडाकडे बघू नकोस, मॉम. लुक व्हेअर यू वॉन्ट टू गो."

सगळं कळतं, पाय ऐकत नाहीत. कडेपर्यंत गेले, टेकला पाय. परत गेले, परत टेकला.

"यू नो यू कॅन डू इट, राइट?"

"तुझी रेस होऊ दे, मग बघू."

शाळेच्या टीमची रेस नोव्हेंबरात. पोरगी जेवतानाही हवेत हँडल धरून वळणं घेते. नि. म्हणाला, "आधी ती पोळी संपव." हसला पण.

१९ ऑक्टो., रवि.

आजचं आजच लिहिते. अक्षर कसंही येऊ दे.

सई जिना उतरली. मी वर थांबलेले. "क्लिअर" आलंच नाही. हाक मारली. उत्तर नाही. मग एकदम बारीक, "आई..."

ती मला मॉम म्हणते. आई म्हणाली.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. दगड, दगड, हँडलला हिसका, वळण, आणि मी तिच्याजवळ. सायकल टाकून दिली. पोरगी मातीत बसलेली, डावं मनगट भलतीकडेच वाकलेलं, चेहरा पांढराफटक. पुढचं चाक दगडात अडकून हँडलवरून उडाली होती. हेल्मेटला चीर. नाव विचारलं, वार विचारला, सगळं बरोबर सांगितलं.

आणि मग माझ्याकडे बघतच राहिली. "वेट. डिड यू राइड दॅट?"

वर पाहिलं. अरे! सायकलवरून उतरलेच नव्हते!

"मॉम! यू रोड द जिना!" रडत होती आणि हसत होती. मी पण.

मागून दोन सायकलवाले आले, देवासारखे. एकानं आपल्या पंप बांधायच्या पट्ट्यानं हात गळ्यात बांधून दिला, दुसऱ्यानं आमच्या सायकली पार्किंगपर्यंत आणल्या. इमर्जन्सीत एक्सरे. फ्रॅक्चर. प्लास्टर. रेस गेली. हे ऐकल्यावर मात्र ती खरी रडली.

खरं लिहायचं तर... तिथे खुर्चीवर बसलेले, पोरीचा हात मोडलेला, आणि माझ्या आत काहीतरी नाचत होतं. पुन्हा पुन्हा तेच. जिना उतरले मी. उतरले! लाज वाटली, तरी थांबेना.

२१ ऑक्टो.

नि. आज फुटला. "दोन्ही सायकली गॅरेजमधून बाहेर. डोकं फुटलं असतं तर?"

फुटलं असतं, हेही खरंच आहे.

सई जिन्यावरूनच ओरडली (घरातल्या), "बाबा, मॉम वॉज अमेझिंग!" त्यामुळे तो आणखीच भडकला.

२६ ऑक्टो., रवि.

पहाटे आपोआप जाग. सायकल अजून गॅरेजमध्येच; तिची साखळी पुसली, तेल दिलं, परत ठेवली. सई प्लास्टरवर टीमच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन आली आहे. डॉक्टर म्हणाले हाड चांगलं जुळतंय. तिचा एकच प्रश्न: "सो व्हेन कॅन आय राइड?" डॉक्टरांनी नि.कडे पाहिलं. नि.नं खिडकीबाहेर.

२ नोव्हें., रवि.

नि. सकाळी बूट घालून उभा. "मला ती जागा दाखव."

तिघं चालत गेलो. सई पुढे, मोकळा हात हलवत बडबडत. जिन्याच्या तोंडाशी नि. वाकून खाली बघत राहिला. तेवढ्यात मागून एक बाई सायकलवरून आल्या, हेल्मेटखाली पांढरी वेणी. "मॉर्निंग!" म्हणाल्या आणि खडखड खडखड करत खाली, वळणावरून दिसेनाशा.

नि. माझ्याकडे वळला.

"तू इथून उतरलीस?"

"हो."

"भीती नाही वाटली?"

"तेव्हा नाही. आत्ता वाटतेय."

सई त्याच्या तोंडाकडे. मीही. तो एकेक पायरी पाय रोवत खाली उतरायला लागला, दगड चाचपत. अर्ध्यावर थांबला आणि वर न बघताच म्हणाला, "सई, चाक नक्की कुठल्या दगडात अडकलं? ये, दाखव मला."