मानगुटीवरची गाठ

आई, आधी ओरडू नकोस. तू धावत येशील म्हणूनच कळवलं नव्हतं.

कार्टीच्या मानगुटीवर भूत बसलंय, असं तू म्हणायचीस ना? तिथे आत खरंच गाठ निघाली, वाटाण्याएवढी. आज काढणार आहेत.

लहानपणी मी रुसून श्वास रोखून धरायचे, ते ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "मेंदूचा देठ मानेतल्या नसांतून छातीखालच्या पडद्याला श्वासाचा हुकूम सोडतो. त्याच्यापुढे तुझा हट्ट किती टिकणार?"

गाठ त्याच देठाला चिकटलीय, धक्का लागायला नको. हल्ली डोळा लागला की दचकून उठते. झोपेत तो देठच हुकूम सोडायला विसरला तर?

बाबांचा खोकला कसाय?

स्ट्रेचर आलंय, पत्र नर्सच्या हातात देते. तू मात्र श्वास रोखून बसू नकोस. निघाले.

तुझी हट्टी कार्टी