गाण्यानं बुरशी धरत नाही

ती. सौ. वहिनी यांना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. पाठीत उसण भरली, म्हणून पुढचं पत्र आडवं पडून लिहितोय. अक्षराला हसू नये.) दादाचा गुडघा काय म्हणतो? तुमचं शिवणयंत्र दुरुस्त झालं का? मी इकडे खुशाल आहे, निदान शरीरानं तरी. अब्रूचं विचारू नका. नाही विचारलंत तरी सांगणारच आहे.

मी दिवसभर नेमकं करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतं. तर आमच्या प्रयोगशाळेत रोग्यांच्या पेशी बाटल्यांमध्ये वाढवतात. प्रत्येक बाटली म्हणजे तान्हं बाळच समजा: दर दोन दिवसांनी भरवायचं, उबेत ठेवायचं आणि बुरशीची दृष्ट लागू द्यायची नाही. भरवण्याचं काम चालतं ते कॅबिनेटमध्ये. (मंत्र्यांचं नव्हे. आमच्यात हवा स्वच्छ असते.) ही एक टेबलाएवढी पोलादी पेटी. समोर काच, काचेखाली फट, फटीतून आपले फक्त हात आत. वरून फिल्टरमधून गाळलेली हवा संथपणे बाटल्यांवर उतरते, आणि फटीच्या कडेला जी जाळी असते ती खोलीतली हवा बाटल्यांपर्यंत पोचायच्या आत खाली ओढून घेते. असा तोंडाशी हवेचा पडदा तयार होतो. आपलं खोकणं-शिंकणं आत जात नाही, आतले जंतू आपल्या नाकात येत नाहीत, आणि पेटीतून जी हवा बाहेर सोडायची तीही पुन्हा गाळून. दिसत काहीच नाही. म्हणूनच तर घोळ झाला.

काही महिन्यांपूर्वी माझ्या बाटल्यांना बुरशी धरू लागली. सोमवारी भरवावी, गुरुवारी पाहावं तर आत कापूस पिंजून ठेवल्यासारखा. एका बाईच्या पेशी आम्ही तीन महिने जपल्या होत्या, त्याही गेल्या. त्यांतली शेवटची एक बाटली तेवढी उरली. मॅडमनी (आमच्या प्रमुख; त्या रागावत नाहीत, नुसता चष्मा काढतात) मला कारण शोधायला सांगितलं. मी ते दहा मिनिटांत शोधलं. कारण माझ्या पाठीमागच्या टेबलाशी बसून नोंदी करत होतं आणि गात होतं.

आमचा हा सहकारी जाडजूड, मऊ स्वभावाचा. सगळे त्याला बुलबुल म्हणतात. गातो छातीतून, आणि ओळ संपेपर्यंत श्वास घेत नाही. माझं म्हणणं असं की एवढा वारा तोंडातून सुटल्यावर पडदा फाटणार नाही तर काय होईल? त्याच कॅबिनेटमध्ये त्याच्या पाळीतल्या बाटल्या स्वच्छ राहतात, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, हाच तर पुरावा! हात कामात असले की त्याला सूर लागत नाही. तो गातो ते माझ्या पाळीत. तो किती वाजता, किती मिनिटं गातो याच्या नोंदी मी ठेवल्या. बुरशी धरायला खोलीभर उघड्या बशा मांडल्या. सगळ्यांत जास्त बुरशी त्याच्या खुर्चीमागच्या बशीत आली. (तिथे झाडाची कुंडी आहे, हे अहवालात लिहायचं राहून गेलं.)

गाणं बंद झालं. बुलबुल तीन आठवडे ओठ मिटून बसला. आणि वहिनी, बुरशी येतच राहिली! माझी पंचाईत झाली, पण मी माघार घेणाऱ्यांतला नव्हे. तो मनातल्या मनात गातो, असं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. बुलबुलची बदली तळघरात, बाटल्या धुण्याच्या खात्यात ठरली. तो निमूटपणे आपला मग आणि चपला पिशवीत भरत होता, तेव्हा मी चहा ओतून घेतला. साखर दोनदा पडली.

नेमका त्याच सकाळी कॅबिनेटची वार्षिक तपासणी करणारा तपासनीस आला. काडीसारखा माणूस, बोलायला महाग. त्यानं एक नळी काढली, तिच्यातून पांढरा धूर निघत होता. काचेखाली धरली, तर धूर सरळ जाळीत गडप. मॅडमनी त्याला गाण्याची हकिकत सांगितली.

"मग गाऊ दे की," तो म्हणाला.

बुलबुलनं पिशवी खाली ठेवली. तीन आठवड्यांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. शेजारच्या खोलीतली माणसं दाराशी आली. धूर मात्र शहाण्या मुलासारखा जाळीत जात राहिला.

"याच्या आवाजानं भिंत पडेल, पडदा नाही," तपासनीस म्हणाला. "रोज इथे कोण बसतं? त्याला बसवा. अगदी नेहमीसारखं."

मी ऐटीत बसलो. नेहमीसारखी माझी जाडजूड नोंदवही समोरच्या कडेवर ठेवली, तिच्यावर कोपरं टेकली आणि सपासप हात आतबाहेर करू लागलो. (माझ्या हाताच्या वेगाचं मला फार कौतुक होतं.) धूर वहीपाशी आला, घुटमळला, वहीवर चढला आणि रांग मोडणाऱ्या गिऱ्हाइकासारखा थेट बाटल्यांत घुसला.

"ही जाळी झाकणारी वही कुणाची?"

 उत्तराची गरज नव्हती. वहीवर माझं नाव ठळक अक्षरांत होतं आणि खाली लाल शाईत 'हात लावू नये'.

तपासनिसानं हात लावला. वही उचलली, मला हात सावकाश आत घालून मिनिटभर थांबायला लावलं, मगच काम करायला सांगितलं. धूर पुन्हा जाळीत. त्या दिवसापासून बुरशी नाही. ती शेवटची बाटली वाचली, तिच्या आता सहा झाल्या आहेत. बुलबुलची बदली रद्द झाली.  मॅडमनी चष्मा काढून तो पुसायला घेतला, आणि पुसतच राहिल्या.

मी बुलबुलची माफी मागायला गेलो. वाटलं, चिडेल. तो एवढंच म्हणाला, "तू माझं गाणं नुसतं मोजलंस रे. ऐकलं नाहीस कधी." मला कुठे तोंड लपवू असं झालं. म्हटलं, सांगशील ते करतो. म्हणाला, एकदा नीट बैठक घाल, चार दर्दी माणसं बोलव, आणि शेवटपर्यंत ऐक. मी शब्द दिला.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा शहाणा झालेला,
भाऊजी

ता. क. माझी खोली एवढीशी, आणि घरमालकाला कान आहेत. म्हणून बैठक तुमच्या दिवाणखान्यात ठरवली आहे. तुम्ही गाण्याच्या किती दर्दी आहात हे मी त्याला रंगवून सांगितलंय. येत्या रविवारी सकाळी नऊला तो येईल. सोबत दोन साथीदार आणि एक लाऊडस्पीकर. संध्याकाळपर्यंत आटपेल असं म्हणतो.

आणखी ता. क. मी येणारच होतो. पण रविवारी बाटल्या भरवायची पाळी बुलबुलची, आणि तो तुमच्याकडे गाणार, म्हणून ती माझ्याकडे आली. ती मी स्वतः मागून घेतली असं तो सांगेल. विश्वास ठेवू नका.