दोन विशेषणांचा अर्ज

धंतोली, नागपूर
५ जून २०२४

चि. रितिकास अ. उ. आ.

तुझा शिक्षिकेच्या नोकरीचा इंग्रजी अर्ज वाचला. पस्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, ते घराबाहेरच, असं दिसतं. तू स्वतःला 'सेन्सिटिव्ह' म्हणवतेस. अगं, सेन्सिबल म्हणजे समंजस, सेन्सिटिव्ह म्हणजे हळवी! शाळेला शिकवणारी बाई हवी आहे, रडणारी नको. पुढे म्हणे, मुलांची 'चाइल्डिश' जिज्ञासा तुला आवडते. चाइल्डिश म्हणजे पोरकट. निरागस म्हणायचं तर चाइल्डलाइक. शेजारचे गोपाळराव चहाला आले होते, त्यांनाही वाचून दाखवला. हसून हसून ठसका लागला त्यांना. अर्ज देऊ नकोस, घराण्याचं हसं होईल. वहिनींना नमस्कार.

तुझ्या भल्यासाठीच कडू बोलणारा,
मनोहरकाका

खापरखेडा
२ जुलै २०२४

ती. मनोहरकाकांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मले बोलू देत नाही, म्हणून लिहून राहिले. दोन्ही विशेषणं सुधारली अन् अर्ज दिला. मुलाखत झाली, चौथीचा वर्ग मिळाला. काल एका पोरीनं 'बिग' अन् 'ग्रेट' यांतला फरक विचारला. मी म्हटलं, हत्ती बिग असतो. जो लहानाले हसत नाही, तो ग्रेट. उदाहरण म्हणून घरातल्या मोठ्या माणसाचं नाव सांगावं म्हटलं, पण तुमचं काही सांगता आलं नाही.

चुका दाखवल्या, त्याचं वाईट नाही वाटलं. पण माझा अर्ज चहासोबत फरसाणासारखा काहून वाढला? आई म्हणते, मोठ्यांना असं लिहू नये. यापुढे लिहिणारच नाही. काकूंना नमस्कार.

माया ठेवायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.
रितिका

धंतोली, नागपूर
९ जुलै २०२४

चि. रितिकास अ. आ.

तुझं पत्र तुझ्या काकूनं वाचलं आणि आतून एक पाकीट आणून माझ्यासमोर ठेवलं. आमची गार्गी पुण्याला शिकायला गेली, तेव्हा माझ्याच हट्टानं मला इंग्रजीत पत्रं लिहायची. मी ती तपासून परत पाठवायचो. शेवटचं पत्र दोन वर्षांपूर्वीचं. पुढे तिनं मला लिहिलंच नाही. ती सगळी तपासलेली पत्रं तिनं तिच्या आईकडे देऊन टाकली होती, तीच या पाकिटात निघाली. पोरीला बापाची आठवण नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो.

त्या शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, बाबा, मी आठ दिवसांपासून आजारी आहे. मी त्यातलं 'सिक' खोडून 'इल' केलं होतं. शेजारी दहापैकी सहा गुण दिले होते. बरी आहेस का, हे कुठेच विचारलेलं नाही.

आज पुण्याला निघतो आहे. ती दार उघडेल की नाही, ठाऊक नाही. जमलं तर या काकावर थोडी माया असू दे.

मनोहर